पंचावन्न मिनिटांचा तास

"श्रीरंगराव, तुमचा तास पंचावन्न मिनिटांचा आहे."

सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या नाकासमोर धरलं, तेव्हा माझ्या उजव्या हातात तापलेली सोल्डरगन होती आणि दातांत तारेचं टोक. त्यामुळे मला बोलता येत नव्हतं. ही संधी त्यांनी वाया घालवली नाही.

"तंबोऱ्याची फाईल तासाभराची आहे ना? सव्वाआठला लावली होती. नऊ दहाला बंद पडली. रोजच पडते."

मी तार दातांतून काढली. "आई, तुमचं घड्याळ चावीचं आहे. मागं पडत असेल."

"घड्याळ तुम्हाला दाखवायला आणलंय. मला लागत नाही."

हे मात्र खरं होतं. सासूबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली होती. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की लोकांच्या बोलण्यात तोंड घालायचं, हे त्यांचं काम. ट्रंक कॉल गेले, खातं बदललं, त्या निवृत्त होऊन आमच्याकडे सांगलीला राहायला आल्या, पण तीन मिनिटं त्यांच्या अंगातून गेली नाहीत. माझं आणि वृंदाचं भांडण जुंपलं की आतल्या खोलीतून बरोबर तीन मिनिटांनी आवाज यायचा, "वेळ संपली. वाढवून हवी का?" अशा वेळी भांडण पुढं चालवणं जड जातं.

तरीही मी ऐकलं नाही. कारण मी साखर कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होतो. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, वजनाचे काटे, सगळे माझ्या सहीनं खरे ठरायचे. अशा माणसाला सासूनं त्याचा तास कमी भरतोय असं सांगायचं म्हणजे काय.

आणि ज्या यंत्राला त्या नावं ठेवत होत्या, ते मी स्वतःच्या हातानं बनवलेलं होतं. संगीत हल्ली आकड्यांत साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्राला डॅक म्हणतात. माझ्या यंत्रात डॅकही होता आणि इंटरनेटवरून, हार्डडिस्कवरून गाणी ओढून आणणारा छोटा कॉम्प्युटरही होता. आणि हे सगळं वृंदाच्या रुखवतातल्या मिसळणाच्या डब्यात बसवलेलं होतं. डबा जाड स्टीलचा, वर घट्ट झाकण, बाहेरची घरघर आत शिरत नाही. जिऱ्याच्या वाटीच्या जागी ट्रान्सफॉर्मर, मोहरीच्या जागी वीजपुरवठा, मधोमध हळदीच्या जागी मुख्य बोर्ड. वृंदानं फोडणीची मोहरी कॉफीच्या बाटलीत ठेवायला सुरुवात केली आणि आल्यागेल्याला त्याचं कारण सांगायलाही सुरुवात केली.

या डब्यात मी दीड वर्षात आठ सुधारणा केल्या. आमचा चाळीस जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, सगळे माझ्यासारखेच. तिसऱ्या सुधारणेत, म्हणजे दिवाळीत, मी नवा बोर्ड बसवला आणि ग्रुपवर लिहिलं, "संगीतात जीव आला. जुन्या यंत्रावर सगळे गवई पंगतीतून उठून आल्यासारखे गायचे. आता चपळ झालेत." सत्तावीस अंगठे आले. ऐकलं त्यातल्या एकानंही नव्हतं.

सासूबाईंचं गाणं साठीनंतरचं. मिरजेत हेर्लेकरबुवांचा क्लास होता, तिथं त्या दर रविवारी जायच्या. बुवांनी त्यांना पेटीवरची पांढरी चार पट्टी दिली होती, म्हणजे बायकांच्या मानानं बरीच खालची. "बाई, तुमचा आवाज टेलिफोनसाठी केलेला हाय, गाण्यासाठी नव्हे," असं बुवा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. दोन गुरुपौर्णिमा सासूबाईंनी मागं बसून तंबोरा छेडण्यात काढल्या. तिसऱ्या वर्षी बुवा म्हणाले, "पंधरा मिनिटं देतो. दुर्गा म्हणा. पण वरचा सा ठाम लागला पाहिजे. डळमळला तर माझं नाव जातंय."

त्या पंधरा मिनिटांसाठी सासूबाई रोज सकाळी तासभर बसायच्या. आधी त्यांच्याकडे विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी होती. तिची खरखर माझ्या कानांना सहन होईना, म्हणून दिवाळीत मी ती निकालात काढली. खरं सांगायचं तर तिचा ट्रान्सफॉर्मर मला हवा होता. त्या बदल्यात बुवांनी क्लाससाठी काढलेली तंबोऱ्याची सीडी मी डब्यात भरून दिली आणि वर भाषणही दिलं, "आई, माझं यंत्र खोटं बोलत नाही. ते काही झाकत नाही, काही गोड करत नाही. गळ्यात दोष असेल तर तो इथं उघडा पडणार."

आणि दोष उघडा पडला. मध्यमापर्यंत त्या छान जायच्या, पंचमाला मान वर व्हायची, धैवताला डोळे मिटायचे आणि वरच्या सा वर आवाज चिरकायचा. आठ महिने, रोज. शेजारच्या घरातून सहानुभूती यायला लागली.

"क्लासात लागतो की तुझा," वृंदा म्हणायची.

"क्लासात दहा जणी असतात. त्यांच्या आवाजात माझा वाहून जातो. तिथं सगळंच सोपं वाटतं. घरात एकटी असते, तेच खरं." मग त्या डब्याकडे बोट दाखवायच्या. "श्रीरंगराव सांगतात ना, तो खोटं बोलत नाही."

मी मान डोलवायचो. माझ्या यंत्राची स्तुती होती ती.

२०१५ साली आषाढ अधिक होता. सासूबाईंनी रीतीप्रमाणे मला जेवायला बसवलं, तेहेतीस अनारशांचं ताट दिलं आणि त्यावर चांदीचं निरांजन ठेवलं. जावई म्हणजे विष्णू. विष्णूनं दुसऱ्याच दिवशी ते निरांजन सोनाराकडे नेऊन वितळवलं आणि त्याची केसाएवढी तार ओढून आणली, कारण ग्रुपवर चांदीच्या तारेबद्दल फार चांगलं बोललं जात होतं. ती डब्यात जोडली, ही माझी आठवी सुधारणा. निरांजन कपाटात नीट ठेवलंय, असं मी घरात सांगितलं होतं.

तर त्या दिवशी, गुरुपौर्णिमेच्या बरोबर आठ दिवस आधी, गुरुवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, सासूबाईंनी घड्याळ माझ्या नाकासमोरून काढलं आणि परत मनगटावर बांधलं.

"जाऊ दे. आता पंचावन्न काय आणि साठ काय. मी दुपारी बुवांकडे जाऊन नाव मागं घेते."

वृंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, काहीतरीच काय?"

"आज तीसदा म्हटला. तीसदा चिरकला. बुवांचं नाव मी का घालवू? त्यांनी दोन वर्षं मला मागं बसवलं, ते शहाणपणानंच बसवलं असणार." त्या हसल्या, पण मला बघवलं नाही. "माझं मीच ओळखायला पाहिजे होतं. चौतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, आता एकदम स्वतःचंच ऐकवायला निघाले."

जेवणं झाली. तीनच्या सुमाराला त्या निळी साडी नेसून तयार व्हायला लागल्या. सकाळचं ते घड्याळ मला टोचत होतं. बाईंनी गाणं सोडायचं ठरवलं याचं मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्यांनी माझ्या यंत्राच्या तासावर बोट ठेवलं याचं जास्त वाईट वाटत होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. मी तंबोऱ्याची फाईल लावली, मोबाईलवर सेकंदकाटा सुरू केला आणि निकालाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा मजकूरही मनात जुळवून ठेवला.

तंबोरा वाजत राहिला. सासूबाई चपला घालून बस पकडायला निघून गेल्या. तंबोरा थांबला.

पंचावन्न मिनिटं, सात सेकंद.

मी आधी मोबाईलला दोष दिला. मग वृंदाच्या मोबाईलवर तीच फाईल उघडून डब्याच्या शेजारी लावली. दोन तंबोरे एकमेकांशी भांडायला लागले. मोबाईलवरचा शांत, खर्जातला. डब्यातला त्याच्या बराच वर, घाईत असल्यासारखा.

मी झाकण काढलं. मुख्य बोर्डावर दोन चकचकीत स्फटिक होते. संगीताच्या फायली दोन मापांच्या असतात, एक सीडीचं माप आणि एक सिनेमाचं. सीडीच्या फाईलचे आकडे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर या वेगानं वाजवायचे, सिनेमाच्या फाईलचे अठ्ठेचाळीस हजारांच्या. दोन वेगांना दोन स्फटिक. भिंग लावून पाहिलं तर सीडीच्या स्फटिकाचा एक पाय भोकात नुसताच उभा होता. त्याला सोल्डर मारायचा मी विसरलो होतो. दिवाळीपासून. त्यावर मी पाच सुधारणा केल्या होत्या, निरांजन वितळवलं होतं, पण तो पाय तसाच मोकळा होता. तो स्फटिक चालतच नव्हता, त्यामुळे डबा सीडीचं सगळं संगीत सिनेमाच्या वेगानं वाजवत होता. गवई चपळ झाले होते ते असे.

वृंदा मागं येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"वेग वाढला की सूरही चढतो," मी म्हणालो. "जवळजवळ दीड पट्टी."

"म्हणजे?"

"म्हणजे आई पांढरी चारमध्ये गातच नव्हत्या. तिच्या वरच्या काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधल्या फटीत गात होत्या. पेटीवर तो सूरच नसतो. आठ महिने त्या वरचा सा लावायला बघत होत्या, तो सा नव्हताच. त्याच्याही वरचं काहीतरी होतं."

वृंदानं डब्यावर बोट ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तू तिला सांगितलं होतंस, हे यंत्र खोटं बोलत नाही. तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला नाही."

"मी दुरुस्त करतो. दहा मिनिटांचं काम आहे. उद्या सकाळी बसतील तेव्हा आपोआप लागेल सूर. नवी सुधारणा केली म्हणून सांगू."

"उद्या कशाला? ती आज नाव काढून येतेय. जा."

"फोन—"

"ती मोबाईल वापरते का?"

सासूबाई मोबाईल वापरत नसत. चौतीस वर्षं फोन उचलले, आता बास, असं त्यांचं म्हणणं होतं. बुवा क्लास चालू असताना फोन बंद करून पानाच्या डब्याखाली ठेवायचे. मी स्कूटर काढली.

सांगली-मिरज रस्त्यावर मी दोन बेत केले. पहिला, काहीतरी निमित्त सांगून त्यांना नुसतं बाहेर बोलवायचं. दुसरा, विजेचा दाब कमी-जास्त झाल्यामुळे यंत्र बिघडलं असं सांगायचं. दुसरा मला आवडला होता.

बुवांची खोली एका किराणा दुकानाच्या माडीवर होती. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा गुरुपौर्णिमेच्या तालमीला जमलेल्या सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुवांसमोर कार्यक्रमाचा कागद होता आणि हातात पेन्सिल. सासूबाई उठून पदर सावरत होत्या. कागदावर तिसऱ्या क्रमांकाच्या नावावर नुकतीच रेघ ओढलेली दिसत होती.

"या या जावईबापू," बुवा म्हणाले. "सासूबाईंना न्यायला आलासा व्हय? झालं आमचं काम."

"बुवा, ती रेघ पुसा. तंबोरा दीड पट्टी वर होता."

बुवांनी पेन्सिल खाली ठेवली. "कुणाचा? माझा?"

"नाही. माझा."

"तुमच्याकडं तंबोरा कुठनं आला?"

इथं दुसरा बेत कामाला यायला हवा होता. पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. टेलिफोनवर चौतीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकलेली बाई ती. माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं. मिसळणाचा डबा, दोन स्फटिक, मोकळा पाय, दिवाळी, सगळं. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. बुवांना स्फटिक कळले नाहीत, पण पट्टी कळली.

"म्हंजे आठ महिनं ह्या बाईंना तुम्ही खोटा सा देत हुता?"

"हो."

"आणि तुम्ही कारखान्यात करता काय?"

"मापं तपासतो."

बुवांनी छताकडे बघून घेतलं. मग पेटी पुढं ओढली आणि पांढरी चार दाबली. "बाई, बसा. दुर्गा नको. नुसता वरचा सा द्या."

सासूबाई बसल्या. त्यांनी डोळे मिटले, कारण रोजच्या सवयीनं आता चिरकणार हे त्यांना ठाऊक होतं. सा आला. तो चिरकला नाही, डळमळलाही नाही. तो इतका सहज आला की त्यांनीच दचकून डोळे उघडले आणि सूर सोडून दिला.

"सोडताय कशाला? धरा की."

त्यांनी पुन्हा धरला. बुवांचं बोट हळूच शेजारच्या काळी तीनवर गेलं. सासूबाई मागोमाग वर गेल्या, तिथंही सा उभा राहिला. बुवांनी पांढरी पाच दाबली. तिथं तो शेवटाला थोडा फाटला. बुवा थांबले आणि त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

"तुमची पट्टी मी चुकीची ठरवली हुती," ते म्हणाले. बुवांच्या तोंडून चूक हा शब्द स्वतःबद्दल आलेला त्या खोलीनं बहुधा पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी खोडलेल्या नावाच्या खाली पुन्हा नाव लिहिलं, प्रमिला शेवडे, आणि पुढं लिहिलं, काळी तीन.

परतीच्या वाटेवर सासूबाई स्कूटरवर मागं बसल्या होत्या. मी तीन वेळा माफी मागितली. वाऱ्यामुळे ऐकू गेली नसेल असं समजून चौथ्यांदा मागितली.

"ऐकलंय," त्या म्हणाल्या. "गाडी नीट चालवा."

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते त्या पायाला सोल्डर मारण्याचं. दुसऱ्या दिवशी तंबोरा पूर्ण साठ मिनिटं वाजला. सासूबाई उठल्या आणि "भरला," एवढंच म्हणाल्या.

गुरुपौर्णिमेला त्यांचा तिसरा नंबर होता. पहिल्या दोघींनी पंधराच्या जागी बावीस आणि पंचवीस मिनिटं घेतली, बुवांनी खाकरून खाकरून घसा दुखवून घेतला. सासूबाई बसल्या, दुर्गा सुरू केला. वरचा सा आला तेव्हा वृंदानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. त्यांनी तो सूर खूप वेळ धरला, आठ महिन्यांचा एकदम वसूल केल्यासारखा. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. घड्याळाकडे एकदाही न बघता त्यांनी बरोबर पंधराव्या मिनिटाला गाणं संपवलं. मग बुवांसमोर नारळ ठेवून नमस्कार केला. त्यांच्या पिशवीत दुसरा एक नारळ मला दिसला होता.

घरी आल्यावर हात-पाय धुऊन मी बैठकीत जरा सरसावून बसलो. माझी चूक मोठी होती, हे खरं. पण तिच्यातूनच हे घडलं, हेही खरं, आणि सासूबाईंना न्यायबुद्धी होती. त्या पिशवीतून नारळ काढून माझ्या दिशेनं आल्या. मी उठून अर्धा वाकलोसुद्धा.

त्या माझ्या बाजूनं पुढं गेल्या. डब्यासमोर नारळ ठेवला, त्याच्या झाकणावर हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट लावलं आणि हात जोडले.

"आई, हे काय?" वृंदानं विचारलं.

"गुरुपौर्णिमा आहे. दुसरं काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुम्ही नुसते विसरला होतात. मेहनत त्यानं करून घेतली." त्यांनी झाकण जरा सरळ केलं. "निरांजनानं ओवाळलं असतं. पण ते आत आहे ना?"

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. त्या रात्रीचं भांडण तीन मिनिटांत संपलं नाही, आणि आतल्या खोलीतून कुणी वेळ संपल्याचंही सांगितलं नाही.

सकाळी मी सोल्डरगन तापवली, नववी सुधारणा म्हणून. सासूबाई चहाचा कप घेऊन शेजारी बसल्या.

"तो पाय परत मोकळा करता येतो का?"

"आई, आता तर नीट झालंय."

"ते पाहुणे आल्यावर ऐकायला. मला रियाजाला वरचा पाहिजे. बुवांनी काळी तीन दिली. पांढरी पाचला फाटला तो, तुम्ही ऐकलात ना?"

मी त्या पायाला एक बटण जोडून दिलं. वर केलं की खरा वेग, खाली केलं की दिवाळीचा. बटणाशेजारी काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. वर 'लोकल', खाली 'ट्रंक'.

त्याला आता अकरा वर्षं झाली. डब्यातली प्रत्येक वस्तू मी बदलली आहे, चांदीची तार सोडून. ती काढून पुन्हा निरांजन करून आणतो म्हटलं, तर सासूबाई नको म्हणाल्या. झाकणावरचं हळदकुंकू दर पौर्णिमेला ताजं होतं, त्यामुळे तिथं भोक पाडायची सोय राहिलेली नाही. बटण बहुतेक वेळ खालीच असतं. माझी गाणी मला दीड पट्टी वर आणि वेळेआधी संपणारी ऐकावी लागतात, आणि त्याबद्दल बोलायचा अधिकार मी त्या आषाढात गमावला आहे.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. परवा सकाळी रियाज आटोपून त्या माझ्या टेबलापाशी आल्या. घड्याळ आणलं नव्हतं.

"श्रीरंगराव, ट्रंक आता सोपी जायला लागलीय. याच्या पुढचा एखादा स्फटिक मिळतो का बघा."